कुलूप घातलेला पडदा

चिंचणी,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुशल,

दुसऱ्याने मांडून दिलेल्या पडद्यापुढे बसून ज्यांना दिवसभर काम करावं लागतं, त्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र लिहितो आहे. दुकानात बिल करणारी मुलगी, शाळेतला कारकून, दवाखान्यात केसपेपर काढणारा माणूस आणि आपल्या वाचनालयातल्या नर्मदाताई. यांचं गाऱ्हाणं एकच आहे. पडदा कसा असावा हे त्यांना कुणीही विचारलेलं नाही, आणि ज्याने ते ठरवलं तो त्यांच्या खुर्चीत कधी बसलेला नाही. आमच्या बाबतीत हा ठरवणारा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा निघाला, म्हणून मला जरा जास्तच शिसारी आली आहे.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू 'बघतो मामा' म्हणतोस आणि बघत नाहीस.

ऑक्टोबरात आपल्या सहा संगणकांच्या जुन्या सिस्टिमचा आधार तिच्या कंपनीने काढून घेतला. चालती यंत्रं एका तारखेला म्हातारी ठरवायची, हा प्रकारच मला किळसवाणा वाटतो. आमचे उपाध्यक्ष धर्माजी लगेच म्हणाले, भंगारात घाला. त्या सभेत मी चाळीस मिनिटं बोललो. सांगितलं की जगभरच्या लोकांनी मिळून केलेली एक सिस्टिम आहे, ती कुणा एकाच्या मालकीची नाही, माझा भाचा ती बसवून देईल. टाळ्या पडल्या. आणि तू काय बसवलंस? चालू केलं की डोंगराचं एक चित्र दिसतं, बाकी काही नाही. कुठे जायचं, काय दाबायचं, पत्ता नाही. एक कळ दाबली की सगळ्या खिडक्या आक्रसून हवेत तरंगतात. ग्रंथयादीचं पान उघडेपर्यंत माझा अग्रलेख वाचून होतो.

प्रश्न माझ्या टाळ्यांचा नाही. नऊ हजार सहाशे पुस्तकांची यादी फेब्रुवारीअखेर कोळगावच्या जिल्हा ग्रंथालय कार्यालयात द्यायची आहे. ती नर्मदाताईंना जमली नाही तर त्यांच्या जागी संगणक येणारं माणूस नेमावं, असा ठराव धर्माजींनी आत्ताच लिहून ठेवला आहे. बारा वर्षं ही बाई तिथे आहे. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते न उठता सांगते. तिची नोकरी तुझ्या त्या डोंगराच्या चित्राखाली अडकली आहे. काढ ते.

तुझा,
दिनानाथमामा

---

बोईसर,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

आई म्हणते, दिनूचं पत्र उघडताना आधी सतरंजी अंथरावी, सभाच असते. तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'डोंगराच्या चित्राखाली' ऐकून ती पोट धरून हसली. मी हसलो नाही, कारण चूक माझी आहे.

तुम्ही रागावलात सिस्टिमवर, पण तिचा दोष नाही. ही सिस्टिम आतून एकच असते. तिच्यावर जो डेस्कटॉप बसतो तो वेगवेगळा मिळतो आणि आपण निवडायचा असतो. बटणं कुठे, पट्टी वर की खाली, खिडकी कशी उघडेल, हे सगळं तो ठरवतो. मी ग्नोम नावाचा निवडला होता. माझ्या नव्या लॅपटॉपवर तो सुरेख चालतो. वाचनालयाच्या यंत्रांना मेमरी चार जीबी, डिस्क जुनी. त्यांना तो झेपला नाही.

काल सोमवारी येऊन सहाही यंत्रांवर एक्सएफसीई नावाचा दुसरा डेस्कटॉप बसवला. तो हलका आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, ग्रंथयादीचं चित्र थेट पडद्यावर. तुमच्या पिढीला सवयीचं. मुद्दाम सोमवार धरला, वाचनालय बंद असतं, कुणाची कटकट नाही. किल्ली वाचनालयाशेजारच्या रखमाबाईंकडून घेतली. त्या म्हणाल्या, "आमी रोज येतो पेपर वाचायला, आमाला त्या डब्याचं काय नाय, पण नर्मदाला तरास नको देऊस."

नसेल दिला.

कुशल

---

चिंचणी,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय कुशल,

कबूल करतो, यंत्रं पळू लागली. नर्मदाताईंनी महिनाभरात चार हजारांवर नोंदी केल्या. एकही दाखल क्रमांक चुकलेला नाही, मी स्वतः ताडून पाहिले. धर्माजींचं तोंड कडू झालेलं बघून मला जे समाधान मिळालं ते मिळायला नको होतं, पण मिळालं.

या माणसाचा मला उबग आला आहे. तो डाय, म्हणजे दागिन्यांचे साचे, कापणारा कारागीर, केसाएवढी रेघ पोलादात उठवणारा. त्याच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण आपल्याला जे बारीक दिसतं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, आणि आपल्याला जे भराभर जमतं ते सगळ्यांना जमलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. नर्मदाताईंच्या मागे उभा राहून घड्याळ बघतो. "नांदेडकडची माणसं जरा सावकाशच हायत," असं परवा म्हणाला, मूळ तिकडच्याच नर्मदाताईंना ऐकू जाईल असं. मी त्याला बाहेर नेऊन जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता एक तक्रार. नर्मदाताईंच्या यंत्रावर काहीतरी बिघडलं आहे. बसल्या की पडदा एकदम फुगतो. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी होतात, एका वेळी चार शब्द दिसतात, आणि माऊस हलवला की सगळं पान इकडून तिकडे वाहतं. बघणाऱ्याला गरगरतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "असू द्या सर, मला चालतं." बिचारी तक्रार करत नाही. पण धर्माजींनी ते पाहिलं आणि सभासदांपुढे हसले. शाळेतल्या पोरांचं अंकलिपीचं पुस्तक झालंय म्हणाले. मला ते सहन झालं नाही. हा बिघाड काढ. आणि पुन्हा कुणाला खेळता येणार नाही असा बंदोबस्त कर.

दिनानाथमामा

---

बोईसर,
६ जानेवारी २०२६

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

काल सोमवारी येऊन गेलो. तुम्ही पालघरला व्याख्यानाला गेला होता असं कळलं.

बिघाड नव्हता. ऑल्टची कळ दाबून माऊसचं चाक फिरवलं की पडदा मोठा होतो, अशी एक सोय त्यात असते. कुणीतरी चुकून लावली असणार. ती ज्या भागातून चालते त्याला कंपोझिटर म्हणतात. खिडक्यांच्या सावल्या, झिरझिरीत कडा, असली नटवी कामंही तोच करतो. सहाही यंत्रांवर तो बंद केला. सावल्या गेल्या, पडदा फुगणं गेलं, वेग वाढला. अक्षर दोन मापं लहान केलं, आता एका पानावर चाळीस नोंदी दिसतात. पार्श्वभूमी काळपट ठेवली, अक्षर करडं. छान दिसतं.

तुम्ही म्हणालात तसा बंदोबस्तही केला. सेटिंगला कुलूप घातलं आहे, माझ्या पासवर्डशिवाय कुणालाही काही बदलता येणार नाही. कंपनीत आम्ही सव्वादोनशे यंत्रं अशीच सांभाळतो. वापरणाऱ्याच्या हातात जितकं कमी, तितक्या तक्रारी कमी.

कुशल

---

चिंचणी,
२७ जानेवारी २०२६

प्रिय कुशल,

काय चाललं आहे ते मला समजत नाही आणि न समजण्याची मला सवय नाही.

तीन आठवड्यांत नर्मदाताईंच्या साडेचारशे नोंदी झाल्या. त्यांतल्या दोनशेच्या वर चुकलेल्या. तीनच्या जागी आठ, आठच्या जागी सहा. एका कवितासंग्रहाला पशुपालनात टाकलं. ज्या बाईने डिसेंबरात चार हजार नोंदी बिनचूक केल्या, ती हीच का? मी विचारलं. खाली बघून म्हणाल्या, "लक्ष लागत नाही सर." मी म्हणालो, लक्ष लागत नाही म्हणजे काय, घरी काही आहे का, नागोरावांचं बरं आहे ना? नवऱ्याचं काम ठेकेदाराकडचं, आज आहे उद्या नाही. तर म्हणाल्या, "ते बरे आहेत."

खरं सांगू? मला राग आला. ज्या माणसासाठी आपण भांडतो त्याने आपल्याला तोंडघशी पाडलं की जो येतो तो. फार घाणेरडा राग आहे तो. मी तो लपवलाही नाही. चारचौघांत त्यांना म्हणालो, बाई, मी तुमच्यासाठी घसा कोरडा केला, त्याची एवढी तरी जाण ठेवा.

कार्यकारिणीने तुझं लेखी मत मागवलं आहे. दोष यंत्रात आहे की चालवणाऱ्यात? तू जाणकार आहेस. जे असेल ते लिही, मी सही करून पुढे ठेवीन. माझ्याकडे बघून लिहू नकोस.

दिनानाथमामा

---

बोईसर,
१ फेब्रुवारी २०२६

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

अहवाल सोबत जोडला आहे. सारांश असा: सहाही संगणक व त्यांवरील डेस्कटॉप निर्दोष आहेत. जानेवारीतील बदलांनंतर यंत्रांचा वेग वाढला आहे. चुका चालवणाऱ्या व्यक्तीच्या आहेत. सदर काम त्या व्यक्तीच्या आवाक्यातले दिसत नाही.

वाईट वाटतं, पण तुम्हीच म्हणालात, जे असेल ते लिही.

कुशल

---

चिंचणी,
८ फेब्रुवारी २०२६

कुशलभाऊंस,
नर्मदाचा नमस्कार.

स्केचपेनने लिहिलंय आणि एका पानात सातच ओळी बसतात, तर पानं जास्त झाली. कारण सांगते.

तुमचा अहवाल सभेत वाचला. धर्माजींनी दोनदा वाचला. मी तिथेच चहा देत होते. 'सदर व्यक्ती' म्हणजे मी, हे मला दुसऱ्या वेळी कळलं.

मला दोन वर्षं झाली, मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंडाच्या जागी डाग असतो. डॉक्टर म्हणाले आहे ते टिकवा, गेलेलं येणार नाही. हे घरी ठाऊक आहे आणि आता तुम्हाला. वाचनालयात कुणाला नाही. माणसं मी चालीवरून ओळखते, पुस्तकं फळीवरून. रजिस्टर भिंगाखाली धरता येतं. पडदा नाही धरता येत.

तुम्ही नोव्हेंबरात नवा पडदा घातला तेव्हा एकदा कीबोर्ड पुसताना ती कळ दाबली गेली आणि चाक फिरलं. अक्षर एवढं मोठं झालं की डागाच्या बाहेर आलं. भाऊ, दोन वर्षांनी मी एक अख्खा शब्द एका वेळी वाचला. कुठला ते सांगते, 'अनुक्रमणिका'. खुर्चीत बसून मी हसले. रखमाबाई म्हणाल्या, काय गं, येड लागलं का. त्या महिन्यात मी चार हजार पुस्तकं घातली. लोक हसायचे पडद्याला, मला त्याचं काही नव्हतं.

मग एका मंगळवारी आले तर चाक फिरवून काही होईना. अक्षर मुंगीएवढं, तेही राखेच्या रंगाचं. सेटिंगमध्ये गेले तर पासवर्ड मागतं. मी सरांना कसं सांगू? सांगितलं तर डोळ्यांचं सांगावं लागेल, आणि आंधळी बाई ग्रंथपाल म्हणून कोण ठेवील? म्हणून अंदाजाने आकडे घालत राहिले. ते चुकीचं केलं. खोट्या नोंदी केल्या, त्याची मला लाज वाटते.

तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. एवढंच विचारते, तुम्ही काय काढून घेतलंत? त्याचं नाव काय? ते परत घालता येतं का?

सरांना हे सांगू नका.

नर्मदा

---

बोईसर,
१२ फेब्रुवारी २०२६

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

माझा अहवाल चुकीचा आहे. यंत्रात दोष होता. तो मी ठेवला होता. जानेवारीत मी जे बंद केलं त्यामुळे नर्मदाताईंचं काम अशक्य झालं. का, ते विचारू नका, मी शब्द दिला आहे.

मी तीनदा चिंचणीला आलो, तिन्ही वेळा वाचनालय बंद असताना. आईला परवा हे सांगितलं तर ती स्वयंपाक करता करता म्हणाली, "म्हणजे घरात माणूस नसताना चूल हलवून जाणारा तू."

पासवर्ड या पत्रात लिहितो आहे, खाली आहे. कंपोझिटर कुठे चालू करायचा ते टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. तुम्ही करून घ्या. अहवालाचं तेवढं तुम्हीच सांभाळून घ्या, मामा. तुम्ही बोललात की लोक ऐकतात. मला सभेत उभं राहायची सवय नाही, आणि कंपनीतले दोघं त्या वाचनालयाचे सभासद आहेत.

कुशल

---

चिंचणी,
१७ फेब्रुवारी २०२६

प्रिय कुशल,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मला तुझी किळस आली. 'तुम्हीच सांभाळून घ्या.' बाईला नालायक ठरवताना तुला सही करायची सवय होती. चूक कबूल करताना मात्र उभं राहायची सवय नाही.

मग माझंच डिसेंबरचं पत्र मला आठवलं आणि तुझ्यावरचा राग पुरेना. पडदा फुगतो, बघणाऱ्याला गरगरतं, हा बिघाड काढ, पुन्हा कुणाला खेळता येणार नाही असा बंदोबस्त कर. हे मी लिहिलं, मी. बघणाऱ्याला! तिथे बसून काम करणाऱ्या बाईने 'मला चालतं' असं माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मी तिचं वाक्य तिचा बुजरेपणा समजून बाजूला सारलं. कुणाला काही न विचारता सगळ्यांच्या वतीने बोलणारा माणूस मला आयुष्यभर शिसारी आणत आला. तो माणूस माझ्याच खुर्चीत बसला होता. धर्माजी निदान समोरून दुष्टपणा करतो. मी तिचा कैवारी होऊन तिचे डोळे काढून घेतले आणि वर उपकाराची जाण मागितली.

हो, डोळे. तू शब्द पाळलास, ते बरं केलंस. मला सांगायला कुणी लागलं नाही. तुझं पत्र मिळाल्यावर मी शनिवारी वाचनालयात जाऊन कोपऱ्यात गप्प बसलो, तासभर. आयुष्यात एवढा वेळ गप्प बसलो नसेन. नर्मदाताई आल्या, फळ्या पुसल्या, माझ्या समोरून दोनदा गेल्या, आणि बसलेला माणूस मी आहे हे त्यांना कळलं नाही. मी खाकरलो तेव्हा दचकल्या. "सर, तुम्ही कधी आलात?" ड्रॉवर उघडा होता, आत भिंग होतं. दोन वर्षं मी ते भिंग बघतो आहे. जुन्या रजिस्टरची शाई पुसट झाली म्हणून असेल, असं समजत होतो.

तुझा कागद काढला आणि त्यांना विचारलं, मी हे करू का, की तुम्ही करता? त्या म्हणाल्या, मी वाचून दाखवावं, त्या करतील. मी वाचलं, त्यांनी केलं. कुलूप उघडलं. कंपोझिटर चालू झाला. अक्षराचं माप त्यांनी ठरवलं, पांढऱ्यावर काळं त्यांनी मागितलं, पट्टी खालून उचलून डाव्या बाजूला उभी लावली, कारण डाव्या कडेने त्यांना चांगलं दिसतं. मी ती पट्टी उजवीकडे बरी दिसेल असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं. नंतर त्यांनी पासवर्ड बदलला. नवा मला माहीत नाही, तुलाही कळणार नाही.

मग चुकलेल्या दोनशे नोंदी त्यांनी स्वतः शोधून काढायला घेतल्या. आज सकाळपर्यंत एकशे सत्तर दुरुस्त झाल्या. यादी अठ्ठावीस तारखेला पुरी होत नाही, हे मला दिसतं आणि त्यांनाही. कोळगावला मुदतवाढीचा अर्ज करायला हवा. पण ज्या बाईला कामावरून काढायचा ठराव पुढे आला आहे, तिच्यासाठी मुदतवाढ मागायला धर्माजी तयार नाही. तो म्हणतो, "तुमच्या भाच्यानंच लिवलंय, मी काय पदरचं बोलत नाय." आणि यात तो खोटं बोलत नाही. त्या कागदाखाली माझीही सही आहे.

रविवारी बावीस तारखेला सायंकाळी पाच वाजता सर्वसाधारण सभा आहे. ठराव चौथ्या क्रमांकावर आहे. मी माझी सही मागे घेणार, पण माझं कुणी ऐकणार नाही. दिनानाथ बोलतो, दिनानाथ नेहमीच बोलतो, असं म्हणून माणसं चहाकडे बघतील. माझ्या बोलण्याला या गावात आता तेवढीच किंमत उरली आहे, आणि ती मीच खर्च केली. तुझा कागद कोरडा आहे, जाणकाराचा आहे, म्हणून तो चालतो. तो मागे घ्यायचा तर जाणकारानेच घेतला पाहिजे.

नर्मदाताईंना मी विचारलं, डोळ्यांचं सभेत मी सांगू का, समजावून? त्यांनी काम थांबवलं नाही.

"डोळे माझे आहेत सर. सांगायचं ते मी सांगेन. तुमच्या भाच्याने त्याचं सांगावं."

तेव्हा भाषण करू नकोस. कारणं देऊ नकोस. तिच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर काढू नकोस. कंपनीतले दोघं तिथे असतील, असू देत. आईला बरोबर आण, पण तिच्या मागे बसू नकोस. चौथा क्रमांक पुकारला की उभा राहा, तो अहवाल स्वतःच्या तोंडाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच आणि सांग, 'हा खोटा आहे, आणि मी तो परत घेतो.' एवढंच कर. रविवारी, पाच वाजता, वाचनालय उघडं असताना ये.

दिनानाथमामा